चौथ्या गियरमधली आगाशी

वसईच्या बाजूला जाणारी माणसं किल्ला बघतात, समुद्रात पाय बुडवतात आणि केळी घेऊन घरी येतात. मी या हिवाळ्यात तिकडे गेले ते एका आवाजाचा शोध घ्यायला. तो सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तरी ज्यांनी आगाशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण इतका देखणा प्रवास माझ्या वाट्याला फार वेळा आलेला नाही. तो इतका देखणा का झाला हे मात्र मला फार उशिरा कळलं.

मी पाटणकडची. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाय टाकला की एक तर चढ लागतो नाहीतर उतार. सपाट जागा म्हणजे एसटी स्टँड, आणि तिथेही पाणी एका कोपऱ्यात साचतं. माझी मावशी लग्न होऊन आगाशीला आली, खाडीकाठच्या शेतकरी घरात. मावशी जाऊन आता काही वर्षं झाली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, वाडीतल्या घरात एकटेच राहतात. थोडी केळी, थोडा सोनचाफा, खाडीकडे भाताची खाचरं आणि अंगणात निळी गाडी. गाडी जुनी आहे, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. कॉलेजात असताना सुट्टीत मी मावशीकडे यायची तेव्हा काकांनी मला याच गाडीवर शिकवलं, राजोडीच्या सुरूच्या झाडांमधल्या सरळ रस्त्यावर. क्लच कसा सोडायचा? तर झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो तसा, असं ते सांगायचे. मी आजही घाटात गाडी उचलताना तसाच सोडते.

तर या गाडीचं इंजिन वाजायला लागलं होतं. फोन आला तो नितीनचा, माझ्या मावसभावाचा. तो बोळिंजला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेऊन राहतो आणि नोकरीला मुंबईला जातो. "ताई, बाबांची गाडी आता काढून टाकायला पाहिजे. इंजिन असं वाजतं की शेजारच्या सीटवर बसवत नाही. कुठे रस्त्यात बंद पडली म्हणजे?" तो बोलत असतानाच काकांनी त्याच्या हातातून फोन घेतला. "बाय, तू ये. तुझी ती जुनी जीप तूच उघडून बसतेस ना? मग ही पन बघ." माझी रजा साठलेली होती. मी निघाले.

आगाशी

आगाशीत शिरताना पहिली जाणवते ती सावली. आमच्याकडे सावली झाडाखाली असते. इथे ती रस्त्यावरच पसरलेली असते, दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून नारळ, आंबा, केळी रस्त्यावर वाकलेली. नाताळ नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे वाटेतल्या ख्रिस्ती घरांच्या पडव्यांना चांदण्या टांगलेल्या होत्या. काकांच्या शेजारणीने पाठवलेलं नाताळच्या फराळाचं ताट ओट्यावर झाकून ठेवलं होतं. दिवाळीत याच घरातून तिच्याकडे ताट जातं. आमच्या गावात ताटांची देवाणघेवाण भावकीत चालते, आणि तीही भांडण नसेल तेव्हा.

संध्याकाळी नितीन स्कूटरवर आला, भुजिंग घेऊन. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना सांगते: कोळशावर भाजलेली कोंबडी, आणि त्यात परतलेले पोहे. पोहे आणि कोंबडी एका कढईत, हे ऐकून आमच्याकडच्या बायका नाक मुरडतील. मीही मुरडलं होतं, पहिल्या घासापर्यंत.

जेवताना विषय निघालाच. काका म्हणाले, "इंजिनात काय नाय. पेट्रोलचा दोष हाय. आता पेट्रोलात उसाचं पानी घालतात. आनि तो ऊस येतो कुठून? हिच्या घाटावरून."

"काका, इथेनॉल म्हणतात त्याला. आणि माझ्या शेतात भात आहे, ऊस नाही."

"तुझ्या नाय तर तुझ्या शेजाऱ्याच्या. तुम्ही लोकांनी आमच्या गाडीला ऊस पाजला."

हे इतक्या गंभीर चेहऱ्याने चाललं होतं की मला खरोखरच अपराध्यासारखं वाटायला लागलं. नितीन मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ताई, तू बघ काय ते. आवाज गेला तर गाडी राहील, मी परत शब्द काढणार नाही. नाही गेला तर ती विकायची, आणि बाबांनी बोळिंजला राहायला यायचं. गाडीशिवाय ते इथे एकटे काय करणार? खाडीवर कसे जाणार, बाजारात कसे जाणार?"

काकांनी हाडावरचं मांस नीट संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "कबूल." नितीन गेल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं की बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आठव्या मजल्यावर सकाळी उठून माणसाने नेमकं काय करायचं असतं ते त्यांना अजून समजलेलं नाही. "खाली बघायचं. मंग परत खाली बघायचं." त्या रात्री मी मनाशी ठरवलं की हा आवाज घालवल्याशिवाय घरी जायचं नाही.

आतले रस्ते

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गाडी काढली. मी शेजारी. बोळिंजला पास्कल म्हणून मेकॅनिक होता, त्याच्याकडे जायचं होतं. आगाशीहून बोळिंज म्हणजे सरळ रस्ता, चटकन पोचावं इतकं जवळ. काकांनी गाडी उलट्या दिशेला वळवली.

"इकडून कुठे?"

"तुला वाडी दाखवतो. सरळ रस्त्यावर काय हाय? रिक्षा आनि सिग्नल."

त्या फेरीबद्दल मी पुष्कळ लिहू शकते. एका बाजूला पानवेलीचे मांडव, दुसऱ्या बाजूला केळीच्या रांगा, मधून पाटाचं पाणी, आणि त्यामधून एकाच गाडीपुरता रस्ता. समोरून कुणी आलं तर कुणीतरी कुणाच्या तरी फाटकात शिरायचं, हा इथला रिवाज. फाटकं त्यासाठीच उघडी ठेवतात की काय कोण जाणे. आमच्याकडे समोरासमोर दोन गाड्या आल्या की आधी दोन्ही चालक खाली उतरतात आणि कोण कुणाचा पाहुणा हे ठरतं. इथे न बोलता सगळं होतं. काका तर समोरची गाडी लांबून दिसली की हॉर्न वाजवायचे, आणि समोरचा माणूस ओळखीचं हसून स्वतःच बाजूला घ्यायचा. सगळा मुलूख त्यांना वाट देतो असं वाटून मला त्यांचा अभिमान वाटला. निर्मळच्या तळ्याकाठी बगळे बसले होते. वाटेत एका घराच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातली होती, सुकेळी करायला. काकांनी न थांबताच हाक मारली आणि परतताना एक पुडा घ्यायचा ठरवला. परतताना आम्ही तिथेही थांबलो नाही. बाईच पुडा घेऊन रस्त्याच्या कडेला आली, आणि काकांनी गाडी जरा हळू केली एवढंच.

गाडी चालली होती वरातीसारखी. तो आवाज येत होता, नाही असं नाही. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा, बारीक, खणखणीत. जरा पाय दाबला की वाढायचा. मी तो ऐकत होते आणि बाहेर बघत होते. प्रवासाचं लिहिणाऱ्या माणसाची नजर कायम खिडकीबाहेर असते. गाडीच्या आत बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

उतरताना काकांनी मागच्या सीटवरची छत्री घेतली. डिसेंबरचं ऊन, त्यात झाडांची सावली. मी म्हटलं, "छत्री कशाला?" तर म्हणाले, "सवय." आणि ती टेकत टेकत गॅरेजमध्ये शिरले.

बोळिंज

पास्कल हा मोठा आत्मविश्वासाचा माणूस. गाडी दारात थांबायच्या आत त्याचं निदान तयार होतं.

"नॉकिंग! ताई, हे नॉकिंग आहे. बघा, पिस्टन वर येतोय. तो पूर्ण वर आला की मग स्फोट व्हायला पाहिजे. पण इथे बार आधीच उडतो. पिस्टन वर चाललाय आणि स्फोट त्याला खाली दाबतोय. त्या दोघांच्या मारामारीचा आवाज आहे हा."

एवढं बरोबर होतं. बार आधी का उडतो, हा खरा प्रश्न. पेट्रोल हलकं असलं तर उडतो. आत काजळी साठून तापलेली असली तर उडतो. प्लग चुकीचे असले, इंजिन जास्त तापत असलं, टायमिंग पुढे गेलं असलं तरी उडतो. मी माझ्या जीपवर हे सगळं भोगलं आहे. आम्ही दोघं बॉनेटखाली डोकी घालून बसलो आणि काका बाहेर खुर्चीवर, छत्रीवर हात ठेवून.

प्लग काढले. काजळी भरपूर होती. हळू चालणाऱ्या गाडीत ती साठतेच. साफ करून बसवले. पास्कलने गाडी घेऊन कॉम्प्लेक्सच्या रस्त्यावर एक चक्कर मारली, मी शेजारी. आवाज नाही. पास्कलने माझ्याकडे असं बघितलं की मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. काकांनी गाडी घेतली, आतल्याच रस्त्याने आम्ही आगाशीला निघालो, आणि नाळे गावाच्या पुढे वाटाणे पुन्हा वाजायला लागले.

"ऊस," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंपावरचं महागातलं पेट्रोल भरलं. पास्कलने चालवली, आवाज नाही. काकांनी चालवली, आवाज. मग पास्कलच्या डोक्यात आलं की काका नेहमी डिकीत केळीचे घड घालून फिरतात, वजनाने इंजिन दमत असेल. घड उतरवले. ते सगळे गॅरेजच्या दारात रचल्यावर दोन गिऱ्हाइकांनी भाव विचारला. पुन्हा तेच: पास्कलच्या हातात गाडी गप्प, काकांच्या हातात बोलकी. "डॉक्टरपुढे आल्यावर ताप उतरतो ना, तसं आहे," पास्कल म्हणाला. मग त्याने डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं, आणि शपथेवर सांगितलं की आता ही गाडी वाजली तर तो गॅरेज बंद करून मासळी विकेल.

त्यात एकदा मी म्हटलं, "काका, आज मी चालवते." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "तू पाहुनी. पाहुनीने गाडी चालवायची नसते." मला वाटलं, केवढा हा पाहुणचार!

आता हे वाचताना तुम्हाला दिसतंय ते सगळं माझ्या समोर होतं. पण मी आवाजाच्या मागे लागले होते, आणि मी डोंगरातली बाई. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की इंजिनाचं खरं दुखणं चढावर कळतं. "काका, सपाटीवर काही समजत नाही. चढ पाहिजे."

"आपल्याकडं चढ कुठे?" काका म्हणाले. "समुद्रापासून इथवर सगळं ताटासारखं हाय."

"विरारचा उड्डाणपूल आहे की," पास्कल म्हणाला. त्याला फुलपाड्याला जायचंच होतं, तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. डिस्ट्रिब्युटरची टोपी तडकलेली वाटत होती, ती बदलून टाकू म्हणाला. "जाता जाता पुलावर टेस्ट पण होईल."

"उद्या बघू," काका म्हणाले.

"उद्या कशाला? आजच जाऊ या." हे मी म्हटलं. चढाचा हट्ट माझा होता. मी तो धरला नसता तर पास्कलने आणखी चार गोष्टी बदलल्या असत्या, काकांनी उसाला आणखी शिव्या दिल्या असत्या, आणि माझी रजा संपून गेली असती.

फुलपाड्याच्या वाटेवर

काकांनीच गाडी चालवली. मी डावीकडे, पास्कल मागे. पुलाच्या पायथ्यापर्यंत पोचायला त्यांनी तीन गल्ल्या फिरवल्या, पण शेवटी पूल आलाच. त्याला काही आतला रस्ता नव्हता.

चढ सुरू झाला आणि इंजिन वाजायला लागलं. आजवर ऐकलं नव्हतं इतकं. पास्कल मागून म्हणाला, "अरे बापरे," आणि बहुतेक त्याला मासळी दिसायला लागली असावी. मी कान लावून बसले होते. आणि मग त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा मी खिडकीबाहेर न बघता खाली बघितलं, कारण माझ्या हाताखालून आवाज थरथरत येत होता. गियरची काठी चौथ्यात होती. चढावर, सायकलच्या वेगाने, चौथ्यात.

"काका, दुसरा टाका ना," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पुढे बस थांबली. काकांनी ब्रेक दाबला, गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी चालू करायला डावा पाय क्लचवर ठेवला. पाय तिथे राहिला, खाली गेला नाही. मग त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि हाताने गुडघा खाली दाबला, हातपंपाचा दांडा दाबावा तसा. क्लच खाली गेला. इंजिन चालू झालं. उजवा हात आडवा आणून त्यांनी पहिला टाकला, हँडब्रेक सोडला, आणि त्या क्षणी गुडघ्यावरचा हात निसटला. गाडीने एक उडी मारली, बंद पडली आणि मागे गेली. मागच्या रिक्षाला आमचा बंपर लागला, फारसा नाही.

रिक्षावाला उतरून आला तो तणतणतच. खिडकीत वाकला, काकांना बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. मला वाटतं त्याने ओरडायला हवं होतं. तो समजुतीने म्हणाला, "आजोबा, जमत नाही तर कशाला चालवता? घरी कोणी नाही का?"

काका समोर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. पुलावरून विरारची गच्च घरं दिसत होती, पलीकडे जीवदानीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी फुलपाडा. इतकी वर्षं इथे येऊन मी तो डोंगर एवढ्या जवळून पाहिला नव्हता, आणि त्या वेळीही पाहिला नाही.

"काका, मी घेऊ?"

ते उतरले. छत्री घेऊन, बॉनेटवर हात टेकत, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मागचे हॉर्न थांबले होते. मी बसले, क्लच दाबला, पहिला, मग दुसरा. गाडी पूल चढून गेली. एक वाटाणा वाजला नाही.

"गेला!" पास्कल मागून ओरडला. "बघा, गेला आवाज! मी म्हटलं नव्हतं? टायमिंग! मघाशी गरम नव्हती म्हणून वाजली."

आम्ही दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही. फुलपाड्याला दुकानाच्या दारात पास्कल उतरून आत गेला तेव्हा आम्ही गाडीतच बसून राहिलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी इमारती, वर वाळत घातलेले कपडे, समोर वडापावच्या गाडीवर गर्दी. मी म्हटलं, "किती दिवस झाले काका?"

"तुझी मावशी होती तवापासून थोडं. पाटात पाय घसरला होता. तिला माहीत होतं." पुढे म्हणाले, "चौथा टाकला की मंग पाय लागत नाय. आतून आतून गेलं की थांबायला पन लागत नाय."

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. निर्मळचं तळं, पानवेलीचे मांडव, न थांबता घेतलेला सुकेळीचा पुडा, लांबून वाजवलेला हॉर्न. मला वाडी दाखवायला म्हणून त्यांनी तो रस्ता घेतलाच नव्हता. ज्या रस्त्याला सिग्नल नाही आणि चढ नाही तेवढेच रस्ते त्यांना उरले होते, आणि त्या रस्त्यांवरून मी हरखून जात होते. चौथ्या गियरमध्ये बैलगाडीच्या वेगाने गाडी ओढली तर इंजिन वाजणारच, नवं कोरं असलं तरी. हे मला, घाटातल्या बाईला, पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. आणि कळलं नव्हतं तेच चांगलं होतं. आवाज होता तोवर दुखणं गाडीचं होतं. पेट्रोलचं होतं, प्लगचं होतं, आमच्या घाटावरच्या उसाचं होतं. त्याला गॅरेजमध्ये नेता येत होतं.

पुन्हा आगाशी

संध्याकाळी पास्कलने नितीनला फोन करून विजय कळवला. नितीन पेढे घेऊन आला. शब्दाला पक्का मुलगा आहे, म्हणाला, "ठरल्याप्रमाणे गाडी राहणार. ताई, तू कमाल केलीस." मला तो पेढा गिळवेना. काय करावं तेही कळेना. सांगावं तर काकांचा विश्वास मोडतो, न सांगावं तर उद्या पुलावर रिक्षाच्या जागी एखादं पोर असेल. रात्रभर विचार करून सकाळी त्यांच्याशी बोलायचं, एवढं मी ठरवत होते.

त्याची गरज पडली नाही. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि नितीनच्या पुढ्यात, पेढ्यांच्या खोक्यावर ठेवली. "गाडी राहू दे. चालव पन तूच. माझा पाय आता दाबत नाय." इतकंच. नितीन माझ्याकडे बघायला लागला, मी चहा टाकायला आत गेले. मावशीच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाहेर काका नितीनला समजावत होते की गुडघा असा काही दुखत नाही, नुसता ऐकत नाही.

मी आत उभी असताना ते दारात आले. "बाय."

"काय काका?"

"तुमच्या उसावर मी उगाच आळ घेतला. त्याची काय चूक नव्हती." आणि हसायचा प्रयत्न करून परत बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

आता काका बोळिंजला असतात. नितीनने गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवलं, वय बघता ऑपरेशन नको म्हणाले. वाडी कुणालातरी बघायला दिली आहे. गाडी कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी असते आणि रविवारी नितीन तिला आगाशीपर्यंत नेऊन आणतो, सरळ रस्त्याने, सगळ्या गियरमध्ये. तो फोनवर सांगतो की इंजिन एकदम गप्प आहे. मी विचारते, काका काय करतात? तो म्हणतो, गॅलरीत बसतात. सगळ्यांनी बरोबरच केलं, यात काही वाद नाही. गाडी राहिली, कुणाला इजा झाली नाही. तरी माझ्या मनात येतं की मी त्या फोनवर "रजा नाही" म्हटलं असतं तर त्यांना आणखी एक हिवाळा मिळाला असता.

मी आगाशीहून परत निघाले त्या दिवशी गाडी अजून अंगणातच होती. सकाळी काका म्हणाले, मला एकदा समुद्रापर्यंत ने. मी चालवायला बसले. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी न सांगताच मी आतल्या रस्त्याला वळवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. समोरून टेम्पो आला, मी हॉर्न वाजवला, टेम्पोवाल्याने लांबूनच ओळखून बाजूला घेतलं आणि चालकाच्या खिडकीकडे बघून हात वर केला. तिथे मी दिसल्यावर तो जरा गोंधळला. काकांनी डावीकडून हात हलवला.

राजोडीचा सुरूंमधला सरळ रस्ता आला. इथेच मी शिकले होते. तेव्हा ते डावीकडे बसायचे आणि माझा गियर अडला की त्यांचाच डावा पाय खाली आपटायचा, जणू क्लच तिकडेही आहे. सकाळचं ऊन झाडांमधून रस्त्यावर पडलं होतं, माणूस कुणी नव्हतं. मी दुसऱ्यात, सावकाश चालले होते. गाडी शिवणयंत्रासारखी गुणी चालत होती.

"बाय, जरा चौथा टाक."

"काका, वेग नाही एवढा. वाजेल."

"म्हनून तर."

"इंजिनाला त्रास होतो."

"होऊ दे थोडा."

मी चौथा टाकला आणि पाय दाबला. इंजिन कण्हलं, आणि मग आतून ते वाटाणे वाजायला लागले, बारीक, खणखणीत. काका सीटवर सरळ झाले. काच खाली घेतली. त्यांनी समोर बघत कान दिला होता, आणि खाली पायपुसण्यावर डावा पाय टाच न उचलता तसाच ठेवला होता, निवांत, जसा गाडी चालवणाऱ्याचा असतो. समुद्राजवळचं वळण येईपर्यंत मी गियर बदलला नाही.